गेट म्हणजे स्वराची लांबी नव्हे: चरणजित सिंग यांचे दहा राग पुन्हा ऐकताना



संशोधनाच्या तयारीला लागलेल्या दोघा-तिघांनी मला वेगवेगळ्या शब्दांत एकच प्रश्न विचारला. मोजायचं काय हे ठरवायचं म्हणजे नेमकं काय करायचं? विषय ठरला की ते आपोआप ठरत नाही का? नाही ठरत. माझं स्वतःचं आठ महिन्यांचं काम त्याच गैरसमजात गेलं, त्याबद्दल पुढे सांगतोच. पण नुसता उपदेश केला तर तुम्ही तो वाचून विसराल. म्हणून या वेळी एका रेकॉर्डची समीक्षा करतो. रेकॉर्ड १९८२ची, मुंबईत झालेली. तिच्याबद्दल जगभर जे लिहिलं जातं त्यातलं निम्मं मला पटत नाही, आणि का पटत नाही हे सांगताना तुमच्या प्रश्नाचं उत्तरही येईल.

त्याआधी आमच्या पूर्णा गावात यावं लागेल. ठाण्याहून भिवंडीकडे निघालात की कशेळी आणि काल्हेर गेल्यावर पूर्णा लागतं. आता लोक हे गाव गोदामांवरून ओळखतात, पण लग्नसराईत गोदामांच्या मागच्या आळ्यांमध्ये हळदी असतात आणि आगरी हळद म्हटली की रात्रभर कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड आलाच. माझा मामेभाऊ अशा एका पार्टीत कीबोर्ड वाजवतो. यंदा त्याने नवा कीबोर्ड घेतला, त्यात आर्पेजिएटर आहे. म्हणजे तुम्ही तीन-चार पट्ट्या एकदम दाबून धरायच्या आणि यंत्र त्या स्वरांना एकामागून एक, ठेक्यात, न थकता वाजवत राहतं. हळदीच्या दुपारी मांडवात तारा जोडता जोडता त्याने मला हाक मारली. "दादूस, तू आवाजाचाच अभ्यास करतंस ना? मग सांग, यो गेटचा बटन फिरवून काय होत का नाय?"

पडद्यावर गेट टाइम ५० टक्के होता. त्याने ९० केला. मग २० केला. आवाज तसाच राहिला, ढगासारखा पसरलेला. त्याला हवा होता तो टक-टक-टक असा तुटक आवाज, ज्यावर लोक नाचतात. बटण बिघडलं असेल असं त्याला वाटत होतं. बटण ठीक होतं.

गेट म्हणजे काय ते आधी पाहू. समजा ठेका मिनिटाला १२० मात्रांचा आहे. म्हणजे एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची. आर्पेजिएटर एका मात्रेत चार स्वर वाजवतोय, तर दर १२५ मिलिसेकंदांनी नवा स्वर सुरू होईल. गेट ५० टक्के म्हणजे यंत्र प्रत्येक पट्टी ६२.५ मिलिसेकंद 'दाबून' ठेवणार आणि मग 'सोडणार'. गेट ९० टक्के केला तर ११२.५ मिलिसेकंद दाबणार. लक्षात घ्या, इथे बोट कुणाचंच नाही. गेट म्हणजे यंत्राचं काल्पनिक बोट पट्टीवर किती वेळ आहे, एवढंच.

पण पट्टी सोडली म्हणजे आवाज थांबला असं सिंथेसायझरवर होत नाही. आवाज कसा चढतो, कसा उतरतो, धरून ठेवल्यावर कुठे स्थिरावतो आणि सोडल्यावर किती वेळाने विझतो, या चार गोष्टी वेगळ्या बटणांवर असतात: अटॅक, डिके, सस्टेन आणि रिलीज. भावाने निवडलेल्या आवाजाचा रिलीज कानाला अर्ध्या सेकंदाच्या आसपास वाटत होता. आकडेमोडीसाठी ४०० मिलिसेकंद धरा. गेट ५०वर असताना स्वर ६२.५ अधिक ४०० म्हणजे ४६२.५ मिलिसेकंद ऐकू येणार, ९०वर असताना ५१२.५. दोन्ही वेळेला तो पुढच्या तीन-चार स्वरांवर आडवा पसरलेला. गेटमध्ये केलेला जवळपास दुपटीचा बदल कानापर्यंत पोचेतो एक-दशांश उरतो, आणि तोही बाकीच्या स्वरांच्या गर्दीत. त्याला तो ऐकू येत नव्हता यात नवल नाही.

उलटही होतं. सस्टेन शून्यावर असेल आणि डिके ४० मिलिसेकंदांचा असेल, तर आवाज ४० मिलिसेकंदांतच संपलेला असतो. मग गेट ५० ठेवा की ९०, काही फरक नाही. अटॅक १०० मिलिसेकंदांचा असेल आणि गेट ६२.५ मिलिसेकंदांचा, तर स्वर पूर्ण चढायच्या आतच त्याला खाली यावं लागतं. तेव्हा गेट वाढवला तर आवाज लांब होतोच, शिवाय मोठाही होतो. म्हणजे तुम्ही लांबी बदलायला गेलात आणि जोर बदलून आलात.

आम्ही रिलीज पार खाली आणला. टक-टक-टक सुरू झालं आणि मग गेटचं बटणही बोलायला लागलं. भाऊ खूश झाला. मला मात्र जेवताना माझी पहिल्या वर्षाची आढावा बैठक आठवत होती.

मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून ध्वनिसंकेतांवर पीएचडी करतोय. पहिल्या वर्षी मी वाद्यसंगीताच्या ध्वनिमुद्रणांतून 'स्वरांची लांबी' मोजली होती. प्रत्येक स्वर कुठे सुरू होतो ते खुणा करून ठेवायचं आणि पुढचा स्वर सुरू होईपर्यंतचा वेळ म्हणजे या स्वराची लांबी, असं. सुरुवात ओळखणं संगणकाला तुलनेने सोपं जातं, शेवट ओळखणं कठीण, म्हणून मी सोपं ते निवडलं होतं. आणि निवडलंय हे मलाच माहीत नव्हतं. बैठकीत एका परीक्षकांनी शांतपणे विचारलं, "ही लांबी कोणाची? बोटाची, तारेची की कानाची?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी मोजलेलं होतं दोन सुरुवातींमधलं अंतर. वर दिलेल्या उदाहरणात ते कायम १२५ मिलिसेकंदच येतं, गेट काहीही असो, रिलीज काहीही असो. माझ्या पद्धतीने मोजलं असतं तर मांडवातला ढग आणि ती टक-टक यांत शून्य फरक निघाला असता. आठ महिन्यांच्या खुणा पुन्हा करायला घेतल्या.

आता रेकॉर्डकडे वळतो.

चरणजित सिंग हे मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतातले वादक. गिटार, बास आणि पुढे कीबोर्ड. १९८२मध्ये ग्रामोफोन कंपनीने, म्हणजे आपल्या एचएमव्हीने, त्यांची एक रेकॉर्ड काढली: 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट'. भूपाली, ललत, तोडी, मधुवंती, यमन, कलावती, मालकंस असे दहा राग, प्रत्येक पाचेक मिनिटांचा. यंत्रं तीन, तिन्ही जपानच्या रोलंड कंपनीची आणि त्या वेळी अगदी नवी: ताल वाजवणारं टीआर-८०८, बासचा क्रम वाजवणारं टीबी-३०३ आणि हाताने वाजवायचा आठ आवाजांचा सिंथेसायझर जुपिटर-८. रेकॉर्ड तेव्हा फारशी खपली नाही. वीसेक वर्षांनी एडो बाउमन या डच संग्राहकाच्या हाती ती लागली आणि २०१०मध्ये त्यांनी 'बॉम्बे कनेक्शन' या आपल्या लेबलवर ती पुन्हा काढली. मग गाजावाजा झाला. चरणजित सिंग २०१५मध्ये गेले. त्याआधीची काही वर्षं त्यांना परदेशांत मैफली करता आल्या, ही यातली चांगली गोष्ट.

गाजावाजा कशाचा? 'अॅसिड हाऊस' नावाचा नृत्यसंगीताचा प्रकार शिकागोत जन्मला, त्याची ठळक रेकॉर्ड म्हणजे फ्यूचर या गटाची १९८७ची 'अॅसिड ट्रॅक्स'. त्यातही टीबी-३०३ आहे. मग मुंबईचा एक वादक पाच वर्षं आधीच अॅसिड हाऊस करून बसला होता, अशी मथळ्याला साजेशी गोष्ट तयार झाली. ऐकायला छान वाटते. आपला माणूस पहिला, म्हणून अभिमानही वाटतो. मलाही वाटला होता.

पण संशोधक म्हणून जरा थांबा. दोन ध्वनिमुद्रणं सारखी वाटतात, याची निदान तीन कारणं असू शकतात. एकाने दुसऱ्याचं ऐकलं. दोघांना एकच कल्पना स्वतंत्रपणे सुचली. किंवा दोघांच्या टेबलावर एकच यंत्र होतं. शिकागोतल्या मुलांपर्यंत ही न खपलेली रेकॉर्ड पोचली होती असा कुठलाही धागा नाही. कल्पनाही एक नव्हती. शिकागोवाल्यांनी वाजत्या क्रमावर फिल्टरची बटणं पिरगाळत आवाजाचा रंगच मुख्य विषय केला. चरणजित सिंग राग वाजवत होते. चित्रपटांत डिस्कोची लाट होती आणि त्या ठेक्यावर काहीतरी वेगळं करून पाहावं, असा त्यांचा स्वतःचा साधा खुलासा आहे. उरतं ते यंत्र. टीबी-३०३ची घडण अशी आहे की त्यातून काहीही वाजवा, काही गुण सारखेच येणार.

ती घडण लांबीच्या बाजूने बघा. टीबी-३०३मध्ये जास्तीत जास्त सोळा घरांचा एक क्रम भरायचा. स्वर भरायची रीत वेगळी आणि वेळ भरायची वेगळी. आधी कोणते स्वर ते सांगायचं, मग पुन्हा पहिल्या घरापासून कुठे स्वर, कुठे जोड, कुठे विश्रांती ते सांगायचं. जोड दिली तर आधीचा स्वर पुढच्या घरातही चालू राहतो. नाही दिली तर तो घर संपायच्या आत तुटतो, आणि प्रत्येक घरात सारख्याच ठिकाणी तुटतो. शिवाय एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरण्याची सोय आहे, पण घसरायला लागणारा वेळ ठरलेला. अंतर अर्ध्या स्वराचं असो की सप्तकाचं, जवळपास तेवढ्याच वेळात. आपल्या मींडेशी याची तुलना करणारे लेख मी वाचलेत आणि ती मला पटत नाही. मींडेत वेळ हाच तर गायकाचा निर्णय असतो.

म्हणून शिकागो आणि मुंबई यांच्यात जे साम्य ऐकू येतं त्याचा मोठा भाग म्हणजे सारख्या जागी तुटणारे, मधूनच ठरलेल्या वेळात घसरणारे छोटे स्वर. ते यंत्राचं अक्षर आहे. दोन माणसांनी एकाच टंकलेखन यंत्रावर लिहिलेली पत्रं सारखी दिसतात, म्हणून एकाने दुसऱ्याची नक्कल केली असं आपण म्हणत नाही.

मग या रेकॉर्डमध्ये मोलाचं काय आहे? माझ्या मते तिने एक फार अवघड काम अंगावर घेतलं, आणि ते अर्धं जमलंय.

तानपुरा आठवा. मिरजेच्या कारागिरांनी बनवलेला चांगला तानपुरा एकदा जवळ बसून ऐका. चार तारा, ठरलेला क्रम: पंचम, मग जोडीचे दोन षड्ज, मग खर्जाचा षड्ज. मालकंसासारख्या पंचम नसलेल्या रागात पहिली तार मध्यमाला लावतात. बोट हा क्रम तासन्‌तास, न बदलता फिरवत राहतं. थंडपणे पाहिलं तर तानपुरा हा आर्पेजिएटरच आहे! ठरलेले स्वर, ठरलेला क्रम, अखंड पुनरावृत्ती. तरीही आपल्याला त्यात क्रम ऐकू येत नाही, पसरलेला एकच नाद ऐकू येतो, कारण प्रत्येक तार छेडल्यावर कित्येक सेकंद वाजत राहते. पुढची तार छेडली जाते तेव्हा आधीची जिवंत असते, तिच्या आधीचीही. जवारीमुळे तो नाद आणखी रेंगाळतो. आर्पेजिएटरच्या भाषेत सांगायचं तर रिलीज इतका लांब, की गेटला काही अर्थच उरलेला नाही. अगदी माझ्या भावाच्या बटणासारखं.

आता हेच चार स्वर, हाच क्रम, पण प्रत्येक स्वर ६० मिलिसेकंदांत तोडा. तानपुरा गेला. जे उरतं ते डिस्कोचं बास. स्वर तेच, क्रम तोच, दोन सुरुवातींमधलं अंतरही तेच ठेवलं तरी चालेल. फक्त स्वर किती वेळ जगतो ते बदललं, आणि जी पार्श्वभूमी होती तिची लय झाली. आमच्या भिवंडीत याचं ओबडधोबड रूप रोज ऐकू येतं. एका यंत्रमागाजवळ उभं राहिलात तर खट-खट असा ठेका ऐकू येतो, आणि रस्त्यावरून अख्ख्या शेडचा आवाज ऐकलात तर नुसती घरघर. (तुलना काटेकोर नाही. तिथे अनेक माग आपापल्या वेळेत चालतात. पण कानाला काय होतं ते कळायला पुरेशी आहे.)

चरणजित सिंग यांनी नेमकी हीच अदलाबदल केली. तानपुऱ्याच्या जागी तुटक, धावता क्रम बसवला. आणि राग मांडायचं सगळं काम वरच्या, हाताने वाजवलेल्या सुरावटीवर टाकलं. एक गोष्ट इथे ध्यानात घेण्यासारखी आहे. जुपिटर-८मध्ये आर्पेजिएटर होता: वर, खाली, वर-खाली किंवा कसाही असे चार प्रकार, एक ते चार सप्तकांचा पल्ला आणि वेगाची पट्टी. स्वराच्या लांबीचं बटण त्यात नव्हतं. लांबी हवी तशी करायची तर एन्व्हलपमधूनच, म्हणजे डिके आणि रिलीज सरकवून. पण तसं केलं की सगळ्या स्वरांची लांबी एकदम बदलते. एकट्या गंधाराला लांब करा, असं त्याला सांगता येत नाही. टीबी-३०३मध्ये जोड देऊन ते सांगता येतं, पण घराच्या पटीतच. एक घर, दोन घरं. दीड घर नाही.

हा मुद्दा किरकोळ नाही, आणि तो पटवायला या रेकॉर्डवरचाच एक राग पुरेसा आहे. भूपाली, म्हणजे आपला भूप. स्वर पाच: सा रे ग प ध. आता सकाळचा देसकार घ्या. स्वर तेच पाच. शुद्ध-कोमलाचा काही फरक नाही. फरक आहे तो कोणत्या स्वराचं राज्य आहे आणि कोण नुसता वाटेवरचा आहे यात. भूपात गंधार वादी, त्यावर थांबायचं, पूर्वांगात रमायचं. देसकारात धैवत राजा, चलन उत्तरांगात, आणि रिषभावर रेंगाळलात तर गुरुजी डोळे वटारतात. म्हणजे ज्या गोष्टीने हे दोन राग वेगळे होतात तिच्यात स्वराच्या लांबीचा वाटा फार मोठा आहे. आर्पेजिएटरवर पाच पट्ट्या दाबा: सा रे ग प ध. प्रत्येक स्वर तितक्याच वेळा, तितक्याच जोराने, तितक्याच लांबीचा. हा भूप की देसकार? दोन्ही नाही. ती नुसती यादी आहे.

रेकॉर्डवरचा भूपाली ऐकताना मला नेमकी हीच ओढाताण ऐकू येते. वरची सुरावट गंधाराला मान द्यायचा प्रयत्न करते, हाताने स्वर धरून ठेवते, तेवढ्यापुरता भूप उभा राहतो. पण खालचा क्रम सगळ्यांना एकाच मापाने तोडत पुढे निघालेला असतो. सुरावट थांबली की राग संपतो आणि ठेका उरतो. तानपुऱ्यावर गायक श्वास घ्यायला थांबला तर षड्ज चालू असतो, राग हवेत राहतो. इथे ती सोय नाही. षड्ज तुकड्यातुकड्यांत येतो, तो आपल्या कानाने जोडून घ्यायचा. ज्याच्या कानात भूप आधीच आहे तो जोडून घेतो. ज्याच्या नाही, त्याला अॅसिड हाऊस ऐकू येतं. परदेशी समीक्षकांना नेमकं तेच ऐकू आलं, यात त्यांचा दोष कमी आणि गेटचा जास्त, असं मला वाटतं.

मालकंसात प्रकरण बरं जमलंय. त्यातही पाचच स्वर, पण षड्ज आणि मध्यम यांची जोडी इतकी भक्कम, की तुटक वाजली तरी कान ती सोडत नाही. शिवाय त्या स्वरांच्या चौकटीत गोंधळ घालणारा जुळा राग पटकन आठवत नाही. ललत मात्र मला सर्वांत कमी पटला. दोन्ही मध्यम लागोपाठ आणि पंचमाचा पत्ता नाही, असा तो राग. एका मध्यमातून दुसऱ्यात सरकताना किती वेळ लावला, यातच त्याचा सगळा जीव. तिथे खाली धावणारा समान मापाचा क्रम म्हणजे पहाटे कुणीतरी अंगण झाडतंय तसं वाटतं. हे माझं मत, तुमचं वेगळं असू शकेल. मात्र वेगळं असेल तर 'आवडलं' म्हणून सोडू नका. कोणता स्वर कुठे तुटल्यामुळे किंवा न तुटल्यामुळे, ते सांगा.

इथे कुणी हार्मोनियमची आठवण काढेल. काढायलाच हवी. गोविंदराव टेंब्यांच्या महाराष्ट्रात पेटीला नावं ठेवायची कुणाची छाती होणार नाही, पण आकाशवाणीने १९४०पासून तीन दशकं पेटीवर बंदी घातली होतीच. आक्षेप काय होते? पेटीवर मींड निघत नाही आणि तिचे स्वर ठोकळेबाज लावलेले असतात. दोन्ही आक्षेप स्वराच्या उंचीबद्दलचे. लांबीबद्दल कुणाची तक्रार असल्याचं माझ्या वाचनात नाही, कारण तक्रारीला जागाच नव्हती. पट्टीवर बोट किती वेळ ठेवायचं आणि भाता किती दाबायचा, हे सर्वस्वी वाजवणाऱ्याच्या हातात. सिंथेसायझरने गणित उलटं केलं. त्यावर मींड निघते, हव्या त्या श्रुतीवरही जाता येतं. पण आर्पेजिएटर चालू केलात की लांबी हातातून जाते. आपल्याकडची इलेक्ट्रॉनिक वाद्यांवरची चर्चा अजून पेटीच्याच जुन्या आक्षेपांभोवती फिरते, आणि ही दुसरी बाजू कुणी फारशी बोलत नाही, याचं मला आश्चर्य वाटतं.

आता तुमच्यासाठी कामाचं. समजा तुम्ही ठरवलंत की या रेकॉर्डमधल्या धावत्या क्रमाचा गेट किती होता ते शोधू. चांगला प्रश्न वाटतो. पण ध्वनिमुद्रणात गेट नसतो, नुसता आवाज असतो. गेट जास्त आणि रिलीज जवळपास शून्य, किंवा गेट कमी आणि रिलीज थोडा लांब, या दोन्हींतून कानाला जवळपास सारखीच लांबी येऊ शकते. एका परिणामाची अनेक कारणं असतील तर परिणामावरून कारणाकडे सरळ जाता येत नाही. आवाज कसा विझतो त्याचा आलेख बारकाईने पाहिला तर काही सुगावा लागतो: पट्टी सुटल्याची जागा कधीकधी आलेखात कोपऱ्यासारखी दिसते. पण वर ढोल वाजतोय, शेजारचा स्वर आडवा आलाय, त्यावर प्रतिध्वनी घातलेला आहे. कोपरा त्यात बुजून जातो. म्हणून 'गेट अमुक टक्के होता' असं छातीठोक विधान कुठे वाचलंत तर लेखकाने यंत्रावरची नोंद पाहिली होती का, एवढंच विचारा.

मग मोजायचं काय? तीन गोष्टी वेगळ्या लिहून ठेवा. दोन सुरुवातींमधलं अंतर. पट्टी दाबलेली होती तो वेळ, आणि हा फक्त मिडीची नोंद हाताशी असेल तरच. आणि आवाज ठरावीक पातळीखाली जाईपर्यंतचा वेळ. ती पातळी कोणती, हेही लिहा, कारण पातळी बदलली की आकडा बदलतो. माझ्या दुसऱ्या वर्षाच्या अहवालात 'लांबी' हा शब्द एकटा कुठेही आलेला नाही. वाचायला कंटाळवाणा झालाय तो अहवाल, कबूल. पण या वेळी "कोणाची?" असं कुणी विचारलं नाही.

करून बघायचं असेल तर महागडं यंत्र नको. आर्पेजिएटर असलेला कुठलाही कीबोर्ड किंवा फोनवरचं फुकट अॅप चालेल. सा रे ग प ध धरा, ठेका १२०. आधी रिलीज शून्यावर आणून गेट ३० ते १०० फिरवा. मग रिलीज अर्ध्या सेकंदावर नेऊन तेच करा. काही कीबोर्डवर गेट १०० टक्क्यांच्या पुढेही जातो, म्हणजे पुढचा स्वर सुरू झाल्यावरही आधीची पट्टी दाबलेलीच. एकावेळी एकच स्वर वाजवणारा आवाज निवडून ते करा, आणि सोबत स्वर घसरायची सोय चालू ठेवा. अनेक यंत्रांवर अशा वेळी स्वर तुटायचे बंद होऊन एकमेकांत ओघळायला लागतात. मग आर्पेजिएटर बंद करा आणि तेच पाच स्वर एका बोटाने वाजवा, गंधारावर थांबून. नंतर धैवतावर थांबून. दोन्ही ध्वनिमुद्रित करा आणि घरातल्या कुणाला तरी, ज्याला रागाचं नावही ठाऊक नाही अशाला, विचारा की ही एकच धून आहे का.

मी हे पूर्णा गावात माझ्या मामीला विचारलं. ती भाकऱ्या थापत होती. पहिल्यांदा ऐकून म्हणाली, "यो सांजचा वाटतं." दुसऱ्यांदा ऐकून काही बोलली नाही, मान हलवली आणि तिसऱ्यांदा लाव म्हणाली. एका माणसाच्या उत्तरावर काही सिद्ध होत नाही हे मला कळतं, आणि 'सांजचा' हा शब्द तिच्या तोंडी नेमका का आला तेही मी पुढे विचारलं नाही. विचारायला हवं होतं. भाऊ मात्र मागे उभा राहून ऐकत होता. त्याने आता कीबोर्डवर चिकटपट्टीचे दोन तुकडे लावलेत. एकावर लिहिलंय 'हळद: रिलीज ०, गेट ४०'. दुसऱ्यावर 'भजन: रिलीज फुल', आणि त्यापुढे गेटची जागा त्याने रिकामी सोडली आहे.